आलेच हिमनदी वाचवायची म्हणजे नक्की काय करायचं?

ओसरीवरचा

नमस्कार मंडळी. पुढच्या मे महिन्यात आईला युरोप दाखवायचं घाटतंय. वय त्र्याहत्तर, गुडघे बरे आहेत, मागणी एकच: "बर्फ हातात धरायचा." टूरच्या कार्यक्रमात सातव्या दिवशी युंगफ्राउयोख आहे, म्हणजे स्वित्झर्लंडमधलं ३४५४ मीटर उंचीवरचं रेल्वे स्टेशन. तिथून खाली पसरलेली दिसते ती आलेच हिमनदी. आल्प्समधली सगळ्यात लांब, वीसेक किलोमीटरची.

जायच्या आधी वाचून जावं म्हणून बसलो आणि डोक्याला भुंगा लागला. हा प्रदेश २००१ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, आल्प्समधला पहिलाच नैसर्गिक वारसा. २००७ मध्ये हद्द वाढवून ८२४ चौरस किलोमीटर केली. छान. पण ही हिमनदी वर्षाला सरासरी पन्नासेक मीटर मागे हटतेय. मग ती हद्द नेमकी कुणापासून वाचवतेय? बर्फाला हद्द वाचता येत नाही, उन्हालाही नाही.

मी साताऱ्याचा. कासला कुंपण घातलं तेव्हाची भांडणं जवळून पाहिली आहेत. कासला निदान माणसाच्या पायाखाली फूल चिरडतं हे डोळ्यांना दिसतं. इथे चिरडणारा पाय दिसतच नाही. बरं, आम्ही चौघं विमानात बसून जाणार म्हणजे त्या न दिसणाऱ्या पायातला एक आमचाच. तर प्रश्न दोन: संरक्षण म्हणजे तिथे करतात काय? आणि जावं की न जावं?

चकलीचा_काटा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: जा. पहिल्याचं: परत आल्यावर तुम्हीच सांगा.
(जागा अडवून ठेवतोय, धागा रंगणार.)

अनाहूत

काही करत नाहीत. वारसा वगैरे कागदावर. आयगर डोंगराच्या पोटातून सात किलोमीटरचा बोगदा खणून त्यांनी १९१२ मध्येच गाडी वर नेली. आता वर्षाला दहा लाखांच्या वर माणसं तिथे चढतात. घड्याळं विकतात, चॉकलेट विकतात, बॉलिवूड नावाचं रेस्टॉरंट काढलं. डिसेंबर २०२० मध्ये आयगर एक्सप्रेस नावाचा नवा रोपवे सुरू केला, सव्वीस सव्वीस माणसांच्या चव्वेचाळीस पेट्या. आणि हेच लोक आपल्याला सह्याद्री कसा जपावा ते शिकवणार!

सुमेधा_बर्न

अनाहूत, गाडीचं खरं आहे, पण गोष्ट अर्धीच सांगितलीत. मूळ बेत युंगफ्राउच्या माथ्यापर्यंत, ४१५८ मीटरपर्यंत जायचा होता. ज्या उद्योगपतीचं हे स्वप्न, तो आडोल्फ गुयर-झेलर १८९९ मध्येच वारला, पैसे कमी पडत गेले आणि गाडी खिंडीत थांबली. 'योख' म्हणजे खिंडच. म्हणजे तो माथा वाचला तो तिजोरी आटल्यामुळे, हे कबूल.

पण त्याच सुमारास मॅटरहॉर्नच्या माथ्यावर गाडी न्यायचा घाट घातला होता, तेव्हा देशभरातून सुमारे सत्तर हजार सह्या विरोधात गोळा झाल्या आणि तो बेत बारगळला. टेलिव्हिजन नसलेल्या काळात. डोंगराला हात लावू नका म्हणणारे लोक इथे तेव्हाही होते, गाडी नेणारेही होते, आणि दोघं एकाच गावात एकाच बाकावर बसून कॉफी पीत असत. आजही तसंच आहे.

ओसरीवरचा, तुमच्या प्रश्नाचं एक ठोस उत्तर: हिमनदीच्या डाव्या कडेला आलेच अरण्य आहे. आर्वे नावाच्या पाइनची झाडं, काही तर सात-आठशे वर्षांची. तिथे पूर्वी गुरं चरायची, लाकूडतोड व्हायची. १९३३ पासून बंद. मी गेल्या सप्टेंबरात तिथून चालत गेले. वरच्या अंगाला जुने वृक्ष, बुंधा पिळवटलेला, साल राखाडी. जसजसं हिमनदीकडे उतरावं तसतशी झाडं लहान, मग झुडपं, मग नुसतं शेवाळ, मग उघडा दगड. दीडशे वर्षांत बर्फाने सोडलेली जमीन पायऱ्यापायऱ्यांनी जंगल होत चालली आहे. तिथे कुणी रोपं लावत नाही, कुणी काढतही नाही. जंगलाला त्याच्या चालीने चालू देणं हेच तिथलं संरक्षण.

भटका_४२

मस्त धागा. २०१७ मध्ये मी दोराने बांधून घेऊन, वाटाड्याबरोबर ही हिमनदी चाललोय. युंगफ्राउयोखहून निघून पहिला मुक्काम कोंकोर्डिया. चार हिमनद्या जिथे एकत्र येतात ते पटांगण. तिथे पायाखाली सुमारे आठशे मीटर बर्फ आहे असं वाटाड्या म्हणाला तेव्हा मी नकळत हलक्या पावलाने चालायला लागलो. सिंहगड पायथ्यापासून माथ्यापर्यंत बुडून वर पाणी उरेल एवढी खोली.

पण सांगायचं आहे ते शिडीचं. तिथली कोंकोर्डिया झोपडी, म्हणजे गिर्यारोहकांचा निवारा, १८७७ मध्ये बांधली तेव्हा बर्फापासून साधारण पन्नास मीटर वर होती. आता हिमनदीची पातळी इतकी खाली गेलीय की दीडशे मीटरच्या वर चढावं लागतं, कड्याला ठोकलेल्या लोखंडी जिन्यावरून, चारशेच्या वर पायऱ्या. कळसूबाईच्या शिड्या आठवा आणि त्या एकावर एक रचत जा. दिवसभर बर्फ तुडवून आल्यावर हा जिना समोर दिसला की देव आठवतो.

मजा म्हणजे जिना खालून वाढतो. बर्फ उतरला की खाली नवा तुकडा जोडायचा. वाटाड्याने एका पायरीशी थांबून काठी टेकवली आणि म्हणाला, मी या कामाला लागलो तेव्हा बर्फ इथे होता. खाली वाकून पाहिलं, अजून बराच जिना बाकी होता. त्याचं वय असेल पंचेचाळीस.

चकलीचा_काटा

आमच्या सोसायटीचा जिना गेली सहा वर्षं दुरुस्त होतोय. तो वाटाड्या मिळेल का?

आजीबाई_ऑनलाईन

मी दोन वर्षांपूर्वी टूरने जाऊन आले, तेव्हा माझा अनुभव लिहिते. वर आम्हाला दीड तास दिला होता. त्यातली पंधरा मिनिटं स्वच्छतागृहाच्या रांगेत, वीस मिनिटं बर्फाच्या महालात (पाय घसरतात, काठाचा कठडा सोडू नये), मग जेवणाचं कूपन. जिना भराभर चढले तर डोकं गरगरायला लागलं. मॅनेजर मुलगा ओरडत होता, "काकू, हळू चाला, घाई करू नका, पण गाडी चुकवू नका!"

हिमनदी पाहिली ती पाच मिनिटं. बाहेरच्या गच्चीवर वारा असा की पदर धरू की टोपी. पण त्या पाच मिनिटांत जे दिसलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. पांढऱ्या रस्त्यावर मधोमध दोन काळ्या रेघा, अगदी गाडीच्या चाकोऱ्यांसारख्या, वळत वळत खाली गेलेल्या. मी विचारलं, एवढ्या वर कुणी ट्रक नेला? सगळे हसले. उत्तर कुणालाच आलं नाही. त्या रेघा कशाच्या, कुणी सांगेल का?

ओसरीवरचा, आईला न्या हो. माणसाला एकदाच जायचं असतं.

दगडधोंडे

आजीबाई, तुमचा प्रश्न फार चांगला आहे, हसणारे वेडे. त्या रेघांना मध्य हिमोढ म्हणतात. दोन हिमनद्या मिळतात तेव्हा दोघींच्या कडेचे दगडगोटे एकत्र येऊन मध्ये पट्टा तयार होतो. दोन ओढ्यांचा संगम झाल्यावर गढूळ आणि निवळ पाणी काही अंतर शेजारी शेजारी वाहतं ना, तसंच. फक्त इथे संगम बर्फाचा आहे आणि चाल वर्षाला शे-दोनशे मीटरची. त्या रेघांमुळेच कळतं की ही नदी आहे, तळं नव्हे.

चालते म्हणूनच टाकलेलं परतही देते. १९२६ साली लोचेनटाल खोऱ्यातले भाऊ या हिमनदीवर हरवले. त्यांचे अवशेष २०१२ मध्ये खालच्या अंगाला वर आले. शहाऐंशी वर्षं बर्फाच्या पोटातून प्रवास.

आता मूळ मुद्दा. मी निवृत्त भूशास्त्रज्ञ आहे, आयुष्य दख्खनच्या काळ्या कातळात गेलं, बर्फाशी पुस्तकापुरताच संबंध. तरी सांगतो. हिमनदीचा हिशोब बँकेच्या खात्यासारखा. हिवाळ्यात वरच्या भागात बर्फ जमा, उन्हाळ्यात खालच्या भागात खर्च. २०२२ मध्ये हिवाळ्यात बर्फ कमी पडला, त्यावर सहारा वाळवंटातली धूळ येऊन बसली, पांढरा बर्फ मळका झाला आणि ऊन शोषायला लागला. मराठवाड्यात मे महिन्यात काळा सदरा घालून फिरल्यासारखं. त्या एका वर्षात स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी ६ टक्के बर्फ गमावला, पुढच्या वर्षी आणखी ४ टक्के. दोन वर्षांत दशांश गेला.

आलेच मोठी आहे म्हणून सुस्त आहे. आज तिचं तोंड जे मागे हटतंय ते मागच्या कित्येक वर्षांच्या उष्णतेचं देणं. उद्या सकाळी जगातला सगळा धूर थांबला तरी ती काही दशकं आटत राहील. झ्युरिकच्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये गणित मांडलं, त्यात बऱ्यापैकी आवर घातला तरी शतकाअखेर निम्म्याहून जास्त बर्फ जातो. आवर नाही घातला तर वर थोडे तुकडे उरतात. म्हणून कुंपणाने हिमनदी वाचत नाही हे ओसरीवरचा यांचं म्हणणं बरोबर. कुंपण घातलंय ते तिच्या भोवतालाला.

नीरव

मग पांढरी कापडं घालतात ते काय? ऱ्होन हिमनदीचे फोटो पाहिले होते, गोधड्या पांघरल्यासारखे.

दगडधोंडे

ते शेजारच्या ऱ्होन हिमनदीवर, फुर्का घाटाजवळ. तिथे पर्यटकांसाठी बर्फात कोरलेली गुहा आहे, तेवढ्यावर कापड घालतात. कापडाखालचा बर्फ हळू वितळतो हे खरं. पण ती गुहा वाचवण्याची युक्ती. ऐंशी चौरस किलोमीटरच्या आलेचला गोधडी कोण शिवणार?

चकलीचा_काटा

आमची आत्या. पण जुन्या सुती साड्या तुम्हाला द्याव्या लागतील.

अनाहूत

म्हणजे शेवटी माझंच म्हणणं. काही करता येत नाही आणि तिकीट मात्र महाग.

सुमेधा_बर्न

करता येत नाही असं नाही, करायची जागा वेगळी आहे. इथे 'हिमनदी उपक्रम' नावाने सह्यांची मोहीम झाली, त्यातून कायदा आला, १८ जून २०२३ ला त्यावर सार्वमत झालं आणि ५९ टक्के लोकांनी होकार दिला: २०५० पर्यंत देशाचं उत्सर्जन निव्वळ शून्य. आमच्या इमारतीतल्या एका आजोबांनी विरोधात मत दिलं, कारण घरातली तेलाची भट्टी बदलायचा खर्च. गंमत म्हणजे ते दर रविवारी डोंगरात असतात. मग म्हाताऱ्या बायकांची संघटना मानवाधिकार न्यायालयात गेली, उन्हाच्या लाटांनी आम्हाला त्रास होतो आणि सरकार पुरेसं करत नाही म्हणून. ९ एप्रिल २०२४ ला त्या जिंकल्या.

मला राहून राहून सांगावंसं वाटतं ते मात्र फीशचं. आलेचच्या खालच्या खोऱ्यातलं गाव. पूर्वी हिमनदी वाढायची तेव्हा तिच्या कडेला मेर्येलन नावाचं तळं अडून बसायचं, बांध फुटला की गावावर पूर. १६७८ मध्ये गावाने नवस केला: पापं टाळू, देवा, हिमनदीला मागे हटव. १८६२ पासून दरवर्षी ३१ जुलैला मिरवणूक काढून रानातल्या देवळापर्यंत प्रार्थना करत जातात. आणि देवाने ऐकलं! इतकं ऐकलं की आता प्यायच्या पाण्याची चिंता. पण नवस असा मनाने बदलता येत नाही. गावाने रोमला अर्ज केला आणि २०१० मध्ये पोपची परवानगी आली. तेव्हापासून त्याच वाटेने, त्याच देवळात, उलटी प्रार्थना: हिमनदी वाढू दे.

आजीबाई_ऑनलाईन

अगं बाई! अंगावर काटा आला. आमच्या लहानपणी "धोंडी धोंडी पाणी दे" म्हणत कडुलिंबाचा पाला बांधून पोरं दारोदार फिरायची. पण पाऊस थांब म्हणून कधी कुणी फिरल्याचं आठवत नाही.

पांझराकाठ

पाण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो, एरवी वाचनमात्र असतो. आमचं शेत साक्री तालुक्यात, फडात. पांझरा नदीवर जुने बंधारे, त्यांचे पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडून कुठल्या फडात कोणतं पीक, कुणाची पाळी कधी, हे गावाने ठरवायचं. पाटकरी पाणी सोडतो, कुणी पाळी मोडली तर दंड.

या आलेचच्या कँटनात म्हणजे राज्यात, वालिसमध्ये, अगदी असंच आहे हे मला मुलाने दाखवलं (तो जर्मनीत असतो). हिमनदीचं पाणी कड्याला टांगलेल्या लाकडी पन्हळीतून गावाच्या कुरणांपर्यंत आणायचं. त्याला ते 'सुओन' म्हणतात. कुणाच्या वाट्याला किती तास पाणी हे पूर्वी लाकडी काठीवर खाचा पाडून नोंदवायचे. मी ती काठीची चित्रं तासभर पाहत बसलो. आमच्या आजोबांकडे तसली काठी नव्हती, पण भांडण मात्र तेच असणार: "माझी पाळी अर्धा तास खाल्ली."

तुम्ही सगळे हिमनदीचं रूप म्हणताय. आमच्यासारख्याला ती वरचं धरण दिसते. फरक एवढाच की आमचं धरण पावसाळ्यात भरतं आणि उन्हाळ्यात कोरडं पडतं. त्यांचं धरण ऐन उन्हाळ्यात पाणी सोडतं. ते गेलं की वरच्या गावांचेही आमच्यासारखे हाल.

दगडधोंडे

पांझराकाठ, लिहीत जा हो. आलेचचं पाणी ज्या नदीत उतरतं तिचं नाव मास्सा. गेबिडेम धरणात अडवून त्यावर वीज करतात, उरलेलं ऱ्होनला जाऊन भूमध्य समुद्रात.

चकलीचा_काटा

मास्सा नदीत मासा असतो का?

दगडधोंडे

कठीण आहे. दगडाचं इतकं बारीक पीठ वाहतं की पाणी राखाडी दुधासारखं.

टूरवाला_नाना

मी सोळा वर्षं युरोपच्या टूर नेल्या, आता सोडलं. एक कबुली देतो. जिथे कामाला होतो तिथे आम्हाला वर फक्त वेळ सांभाळायला शिकवलं होतं. हिमनदीबद्दल माझं वाक्य ठरलेलं: "समोर बघा आलेच ग्लेशियर, वर्ल्ड हेरिटेज, फोटोला पंधरा मिनिटं." कुणी विचारलं की पूर्वी किती मोठी होती, तर मी थाप मारायचो. एकदा एका शाळकरी मुलीने माझी थाप पकडली, तेव्हापासून वाचायला लागलो.

ओसरीवरचा, युंगफ्राउयोखला गर्दी आहेच, पण गाडी विजेची आहे, माणूस ठरलेल्या वाटेवरच राहतो, हिमनदीवर कुणी कचरा करत हिंडत नाही. मुंबई ते झ्युरिक विमान, तिथे आहे खरा धूर. तो टाळायचा तर घरी बसा. जायचंच असेल तर एक देश करा, आठ दिवसांत सहा देश नको. आणि दक्षिणेच्या बाजूने जा. बेटमेराल्प, रीडरआल्प ही गावं मोटारीविना आहेत. एगिसहॉर्नच्या रोपवेने वर गेलं की अख्खी हिमनदी एका नजरेत. आईंना चालावं लागणार नाही.

भटका_४२

नानांना अनुमोदन. फक्त तिथल्याच मोसफ्लू नावाच्या हिमनदीकाठच्या उताराकडे गेलात तर जमिनीकडे पण बघा. हिमनदी उताराला टेकू देऊन उभी होती, ती खचली तसा टेकू गेला. २०१६ च्या शरदात तो अख्खा उतार सरकायला लागला, भेगा इतक्या रुंद की पायवाटा बंद केल्या. तिथलं रोपवेचं वरचं स्थानक आधीच असं बांधलं होतं की पाया सरकला तर स्थानक सरकवून घेता येईल. डोंगर चालतोय म्हणून इमारतीलाही चालायला शिकवलं.

अनाहूत

हे मात्र मानलं.

सुमेधा_बर्न

अनाहूत मानले, तारीख लिहून ठेवा.

मोसफ्लूवरून आठवलं, आणि हे हसत लिहिता येत नाही. वारसा क्षेत्राला लागूनच लोचेनटालमध्ये ब्लाटन गाव होतं. २०२५ च्या मे महिन्यात वरच्या डोंगराचे दगड बिर्च हिमनदीवर कोसळत राहिले. १९ मेला सगळं गाव, तीनशे माणसं, गुरांसकट हलवलं. २८ तारखेला दुपारी ती हिमनदी दगडांसकट खाली आली आणि गावाचा बहुतेक भाग गाडला गेला. नदी अडली, उरलेली घरं पाण्यात. एक माणूस गेला, बाकी वाचले, कारण उतारावर आधीपासून लक्ष होतं.

मी त्या गावात एकदा राहिले होते. काळपट पडलेल्या लाकडाची घरं, खिडक्यांत लाल जिरेनियम, आणि आमच्या घरमालकीणबाई रोज सकाळी दार उघडलं की आधी वर डोंगराकडे बघायच्या, मग पायरी झाडायच्या. संरक्षण म्हणजे काय विचारलंत ना? त्या नऊ दिवस आधी गाव रिकामं करता आलं, त्यामागे वर्षानुवर्षं उताराची मोजमापं घेणारी माणसं होती.

नीरव

🙏
उत्तराखंडातलं चमोली आठवलं, ७ फेब्रुवारी २०२१. तिथेही वरून खडक आणि बर्फ कोसळला. पण खाली धरणाच्या बोगद्यात माणसं कामावर होती. त्यांना कुणी उठवलं नाही.

पांझराकाठ

खरंय.

ओसरीवरचा

सगळ्यांचे आभार. चार दिवस वाचतोय, उत्तर द्यायला उशीर झाला. मी विचारलं होतं कुंपणाने काय वाचतं. दगडधोंडे यांच्या 'भोवताल' या शब्दाने माझं अर्धं समाधान झालं. कासला पण तेच होतं. पाऊस आमच्या हातात नाही, पण रोज किती माणसं सोडायची हे आहे. उरलेलं अर्धं समाधान झालेलं नाही आणि होऊ नये असंच वाटतंय.

आईला फीशच्या नवसाची गोष्ट वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे त्यांचीही वारीच की." आता तिला सहा देश नकोत, ती मिरवणूक बघायची आहे. मे रद्द. आषाढी एकादशी झाली की निघू म्हणते, ३१ जुलैच्या आत पोचायचं.

तर आता नवे प्रश्न. नाना, जुलैअखेर एगिसहॉर्नवर हातात धरण्याजोगा बर्फ असतो का? आणि टूरवाल्याकडे भरलेले आगाऊ पैसे परत मिळवायचा काही मार्ग?

टूरवाला_नाना

मे रद्द केलात ते बरं, तेव्हा तिकडचे रोपवे बहुधा देखभालीला बंद असतात. जुलैत तिथे उभं राहून बर्फ दिसेल, हाताला लागायची खात्री नाही. हातात धरायचा तर एक दिवस युंगफ्राउयोख कराच.

पैशांचं म्हणाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. लेखी अर्ज द्या, फोनवर बोलू नका.

चकलीचा_काटा

फीशला जातच आहात तर परताव्यासाठीही एक नवस बोला. फक्त शब्द नीट निवडा, बदलायला तीनशे वर्षं लागतात.